होओइलो लागतोय, पांढरा चित्रक आत्ताच लावून घ्या

हवाईत ऑक्टोबर सरत आला की काउ, म्हणजे कोरडे कडक उन्हाचे महिने, मागे पडतात आणि होओइलो, म्हणजे पावसाचा गारव्याचा हंगाम, सुरू होतो. तो साधारण एप्रिलपर्यंत चालतो. ओआहू बेटाच्या वायआनाए पट्ट्यात किंवा माउई बेटाच्या कीहेईकडे, म्हणजे डोंगराआडच्या कोरड्या अंगाला, वर्षाचा बहुतेक पाऊस याच महिन्यांत पडतो. कौआई बेटाच्या वायआलेआले डोंगरावर वर्षाला १०,००० मिमीच्या आसपास पाऊस होतो, तर होनोलुलूच्या विमानतळाजवळ ५०० मिमीसुद्धा होत नाही. त्यामुळे बेटावर राहतो म्हणून पाण्याची काळजी नाही, असं धरून चालू नका. (हवाई याच नावाचं जे सर्वांत मोठं बेट, त्याचा कोना किनारा याला अपवाद आहे. तिथे उन्हाळ्यातच जास्त पाऊस असतो, त्यामुळे तिथल्यांनी आपलं वेळापत्रक त्या हिशोबाने बदलावं.)

अशा कोरड्या परसात एकदा लावून वर्षानुवर्षं टिकणारं, फारसं काही न मागणारं झाड हवं असेल, तर माझी पहिली शिफारस इलिएए. आपण याला चित्रक म्हणतो. झाड तेच: पांढऱ्या फुलांचा, आडवातिडवा पसरणारा, गुडघाभर उंचीचा चित्रक. माणसाच्या मदतीशिवाय तो या बेटांवर पोचला आणि समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरपर्यंतच्या कोरड्या जागी रुजला, म्हणून तो इथला देशी. जुन्या काळी त्याचा रस गोंदण काळं करायला वापरत. आजीच्या औषधांच्या डब्यातलं चित्रकमूळ आठवत असेल, तर ओळख वेगळी करून द्यायला नको.

रोपवाटिकेत मात्र नीट बघून घ्या. चित्रकाचंच भावंड असलेलं निळ्या फुलांचं प्लंबॅगो सगळीकडे मिळतं, पण ते दक्षिण आफ्रिकेचं. लाल फुलांचा रक्तचित्रकही इथला नाही. फूल पांढरंच हवं. फुलाच्या देठाकडच्या हिरव्या नळीला हलकेच बोट लावून बघा. तिच्यावर बारीक केस असतात, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि बोट उचलताना ते ओढ देतं. याच चिकटपणामुळे बी जनावरांच्या अंगाला लागून दूर जातं. कुत्रा पाळत असाल, तर पायवाटेच्या अगदी कडेला झाड लावू नका.

भारतातून मूळ किंवा बी बॅगेत घालून आणायचा विचारही करू नका. विमानतळावर शेतमालाची तपासणी असते, आणि तपासणी नसती तरी बेटावर नवी कीड किंवा रोग आणण्याचा धोका कुणी का घ्यावा? इथल्याच रोपापासून वाढवलेलं रोप घ्या.

रोप घरी आणलं की लगेच जमिनीत घालू नका. आधी लहान आगमुंगीची परीक्षा करा. ही मुंगी १९९९ साली हवाई बेटावर सापडली आणि कुंड्यांतूनच इकडून तिकडे जाते. काडीला शेंगदाण्याच्या लोण्याचा अगदी पातळ लेप द्या, ती कुंडीत खोचा आणि तासाभराने बघा. तांबूस, अगदी बारीक, सावकाश चालणाऱ्या मुंग्या जमल्या असतील, तर रोप बागेत नेऊ नका. काडी पिशवीत बंद करून गोठवा आणि राज्याच्या कृषी विभागाला कळवा.

जागा उन्हाची किंवा अर्ध्या सावलीची चालते. पाणी साचणारी जागा मात्र चालत नाही. आधी गिनी गवत आणि बफेल गवत ठोंबासकट उपटा. नुसतं कापलेलं गवत पहिल्या पावसात पुन्हा उभं राहतं आणि कोवळ्या रोपाला गिळतं. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउईवरचं लहाइना गाव जळलं, तेव्हा असंच वाळलेलं परकं गवत आगीचं इंधन झालं होतं. चित्रकाचंही, पाणी न मिळालेल्या उन्हाळ्यात, खालचं लाकूड वाळतं. म्हणून घराच्या भिंतीपासून दीड मीटर मोकळं सोडूनच लावा.

दोन रोपांत पाऊण मीटर अंतर पुरतं. खड्ड्यात खत भरू नका, वरून थोडं कंपोस्ट आणि आच्छादन बस्स. पहिले दोन महिने पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा भरपूर पाणी, मग पंधरवड्याने एकदा, आणि पुढच्या काउमध्ये पानं मलूल दिसली तरच. चित्रक मेलेला मी पाहिलाय तो बहुतेक वेळा जास्त पाण्याने: हिरवळीच्या फवाऱ्याखाली रोज भिजून मुळं कुजलेला.

पानांवर पांढरे ठिपके दिसले, तर लगेच औषध फवारू नका. या कुळातल्या झाडांच्या पानांत ग्रंथी असतात, त्यांतून क्षार झिरपून वाळतो. ओल्या बोटाने पुसलं की जातो. कापसासारखा पुंजका असेल आणि चिरडल्यावर ओलसर लागला, तर तो पिठ्या ढेकूण. तेवढी फांदी कापा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा.

आता सर्वांत महत्त्वाचं. चित्रकाच्या मुळाचा रस कातडीला लागला तर बिब्ब्यासारखा उततो, फोड येतात. खणताना, मूळ तोडताना हातमोजे घाला आणि तोच हात डोळ्याला लावू नका. वैद्यसुद्धा हे मूळ चुन्याच्या निवळीत शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि त्याने गर्भपात होऊ शकतो. बागेतलं मूळ उगाळून घरी औषध करू नका. लहान मुलांना हे झाड दाखवून, नावानिशी समजावून ठेवा.

एप्रिलमध्ये पाऊस ओसरताना सगळ्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, झाड खालून दाट फुटतं. छाटलेल्यातल्या फार कोवळ्या नाहीत, फार जून नाहीत अशा काड्या निवडा, १०-१५ सेंमीच्या. खालची पानं काढून पर्लाइटमध्ये (रोपांसाठी मिळणारे पांढरे, हलके खडे) सावलीत खोचून ठेवा. महिनाभरात मुळं धरतात, आणि ऑक्टोबरपर्यंत शेजाऱ्याला द्यायला रोपं तयार होतात.