मनात वस्तू फिरवण्याचा सराव: व्हिडिओ गेम आणि व्हीआर यांचा उपयोग

अभियांत्रिकी आलेखन शिकवताना मी व्हिडिओ गेम आणि व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे संगणकाने उभे केलेले त्रिमितीय आभासी दृश्य) हेडसेट या दोन्हींचा वापर करत आलो आहे. समोरून, वरून आणि बाजूने काढलेल्या दृश्यांवरून वस्तूचा आकार डोळ्यांसमोर उभा राहत नाही, तेव्हा अनेक विद्यार्थी ही उपजत देणगी आपल्यापाशी नाही असे धरून चालतात. ही समजूत आधी सोडावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१७ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातही अवकाशीय कौशल्ये, म्हणजे वस्तूंचे आकार आणि स्थान मनात हाताळण्याची कौशल्ये, सरावाने सुधारतात, असाच निष्कर्ष निघाला.

गेमची निवड मात्र विचारपूर्वक करावी. टोरांटो विद्यापीठातील २००७ च्या प्रयोगात केवळ दहा तास अ‍ॅक्शन गेम खेळलेल्यांची मनात वस्तू फिरवण्याची क्षमता वाढली, आणि स्त्रियांना त्याचा पुरुषांपेक्षा अधिक लाभ झाला. याउलट, टेट्रिसमध्ये (वरून पडणारे ठोकळे फिरवून रचण्याच्या गेममध्ये) तरबेज असलेल्यांचे कौशल्य मुख्यतः टेट्रिससारख्या आकारांपुरतेच मर्यादित राहते, असे २००२ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणून एकाच गेमवर विसंबून राहू नये.

व्हीआर तर अधिकच विचारपूर्वक वापरावा, असा माझा आग्रह आहे. हेडसेट घातल्यावर दोन पावले टाकली की वस्तूची मागची बाजू दिसते. त्यामुळे जे काम मनाने करायचे ते पाय करून टाकतात आणि सराव होतच नाही. मी विद्यार्थ्यांना तिरका काप असलेला ठोकळा एकाच बाजूने दाखवतो, हेडसेट उतरवायला सांगतो आणि वरून दिसणारे दृश्य कागदावर हाताने काढून घेतो. तिरका पृष्ठभाग वरून साधा आयत दिसतो, हे बहुतेकांना तिथे प्रथमच जाणवते. त्यानंतरच ठोकळ्याभोवती फिरून चित्र पडताळायचे. अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून उभ्या केलेल्या अभ्यासक्रमातही हाताने रेखाटन करण्यावर भर आहे, आणि माझ्या मते तो अगदी योग्य आहे.

मळमळ वाटू लागल्यास हेडसेट लगेच काढावा. जॉयस्टिकने दृश्य फिरवण्यापेक्षा स्वतः वळलेले बरे.

प्रगती तपासताना बरोबर उत्तरांसोबत लागलेला वेळही नोंदवावा, कारण वस्तू जितक्या मोठ्या कोनातून फिरवायची तितका वेळ अधिक लागतो, हे मानसशास्त्रज्ञ शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्येच दाखवले आहे. मोठ्या कोनांचे प्रश्नही हेडसेटविना सुटू लागले की तो बाजूला ठेवून सरळ आलेखनाच्या उदाहरणांकडे वळावे.