बदकाची घरघर आणि ओला पेंढा

श्रावणात परसातलं एक बदक मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागलं. गुरांचा डॉक्टर लगेच येणार नव्हता. आधी त्याला वेगळं, कोरड्या खोक्यात ठेवलं. नाकपुड्यांत चिखल वाळून बसला होता. कोमट मीठपाण्यात कापूस भिजवून तो सोडवला. मग खुराड्यात वाकून पाहिलं, तर अमोनियानं डोळे चुरचुरले. इगतपुरीकडचा भाताचा पेंढा खालून काळा पडलेला, हलवला की धूर उडावा तशी बुरशी उडायची. तीच फुप्फुसात जाते. शेजारच्या काकांनी अँटिबायोटिक सुचवलं, पण बुरशीवर त्याचा काही उपयोग नसतो.

तोंडाला फडकं बांधून सगळा पेंढा बाहेर काढला, कोरडा लाकडी भुसा घातला, वरच्या बाजूला जाळी लावून वारा खेळता केला. पाण्याला पसरट थाळीऐवजी घमेलं ठेवलं. डोकं बुडवता आलं तरच बदक नाक धुतं. आठवड्याभरात घरघर थांबली. बुरशी खोल रुजली असती तर एवढ्यानं भागलं नसतं, हेही खरं.

मात्र पक्षी पटापट मरू लागले तर घरगुती उपाय नकोत. मेलेल्याला हात न लावता १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करा. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लूच निघाला होता.