आरव्हीच्या छताला कोटिंग लावताना या चुका टाळा

अमेरिकेत जुनी आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली की छताचं दुखणं बहुतेक वेळा पहिल्याच मोठ्या पावसात कळतं. मग दुकानातून पांढऱ्या कोटिंगचा डबा येतो, दुपारभरात छत रंगवून होतं आणि गळती मात्र थांबत नाही. कारण पाणी सहसा छताच्या सपाट, मोकळ्या भागातून शिरत नाही. ते व्हेंटच्या (छतावरच्या झरोक्याच्या) कडेतून, स्कायलाइटच्या (छतातल्या खिडकीच्या) स्क्रूंमधून, पुढच्या-मागच्या जोडांतून शिरतं. आधी हे सांधे बुजवायचे, कोटिंग त्यानंतर.

सांध्यांसाठी घरच्या बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. पुढे त्यावर दुसरं काही बसत नाही. आडव्या जागी सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं लॅप सीलंट (सांधे बुजवायचा लेप) लावा. उभ्या कडांना ते ओघळतं, तिथे न ओघळणारं घ्या.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे छत कशाचं आहे हेच न बघणं. ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) आणि टीपीओ (प्लास्टिकसारखं) ही छताची दोन आवरणं वरून पांढरीच दिसतात. व्हेंटची आतली चौकट स्क्रू काढून उतरवा आणि छताच्या आवरणाची कापलेली कड टॉर्चने बघा. वर पांढरा, खाली काळा असे दोन थर दिसले तर बहुधा ईपीडीएम रबर आहे. गाडीच्या कागदपत्रांवरून खात्री करून घ्या. ईपीडीएमला पेट्रोलियम सॉल्व्हंट किंवा सिट्रस क्लीनर लागला की रबर फुगतं आणि खालच्या लाकडापासून सुटतं. डांबरी सीलंटही त्यावर चालत नाही. टीपीओची अडचण वेगळी: त्यावर काही सहजासहजी चिकटत नाही, म्हणून त्याचा खास प्रायमर लावावाच लागतो.

आधीच्या मालकाने सिलिकॉन कोटिंग लावलं असेल तर त्यावर फक्त सिलिकॉनच टिकतं. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळलेलं कोटिंग, पापुद्र्यासारखं निघून येतं. शंका असेल तर पट्टी लावून बघा. जागा धुऊन वाळवा, कोटिंग लावा, त्यात १ इंच रुंद कापडाची पट्टी दाबून बसवा आणि एक टोक मोकळं सोडा. आठवड्याने ते टोक ओढा. पट्टीबरोबर कोटिंग स्वच्छ सुटून आलं तर प्रायमर लागेल किंवा कोटिंगच बदलावं लागेल.

माल कमी आणणं ही नेहमीची चूक. १ गॅलन द्रव १ मिल, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीत पसरला तर सुमारे १,६०० चौरस फूट व्यापतो. अ‍ॅक्रिलिकमधला जवळजवळ निम्मा भाग उडून जातो. त्यामुळे वाळल्यावर २० मिल जाडी हवी तर ओलं ४० मिल लावावं लागतं, म्हणजे गॅलनला फक्त ४० चौरस फूट. ३० बाय ८ फुटांच्या छताला ६ गॅलन झाले. वाळल्यावरही ९० टक्के भाग टिकणाऱ्या सिलिकॉनला साडेतीनच्या आत भागतं. ३ गॅलन अ‍ॅक्रिलिकमध्ये तेच छत उरकलं तर निम्माच, १० मिलचा थर उरतो. दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. पाणी साचणाऱ्या छतावर सिलिकॉनच बरं. साचलेल्या पाण्यात अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं. मात्र ओलं झालेलं सिलिकॉन फार निसरडं असतं, वर चढताना जपा.

१० अंश सेल्सिअसच्या खाली काम काढू नका. अ‍ॅक्रिलिक सकाळी, दव वाळल्यावर सुरू करा, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी वरचा थर धरतो. भर उन्हात तापलेल्या छतावर लगेच साय धरते आणि फोड येतात.

व्हेंटभोवती आणि कोपऱ्यांत तळहाताने दाबून बघा. छत दबलं तर खालचं लाकूड कुजलंय. ते न बदलता कोटिंग केलंत तर ओल आतच कोंडते आणि कूज पसरत जाते.

एसीच्या तळाभोवती सीलंट फिरवू नका. त्याचं पाणी छतावरच उतरायचं असतं. ते कोंडलं की आत झिरपतं. एसीखाली गळत असेल तर आतली जाळी काढा आणि चारही लांब बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. १ इंचाचं गॅस्केट (एसी आणि छतामधली मऊ पट्टी) साधारण अर्ध्या इंचावर आलं की थांबा. ते आधीच चपटं झालं असेल तर आवळून उपयोग नाही, नवीन बसवा.