टर्बाइन थरथरतंय? बेअरिंग खोलण्याआधी या चुका टाळा

नाशिककरांना वीज म्हटलं की एकलहरेचं औष्णिक केंद्र आठवतं. पण इगतपुरीकडे वैतरणेचा ६० मेगावॅटचा जलविद्युत संच आहे, आणि तिथून फार लांब नाही तो घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन (पाणी पुन्हा वर चढवून ठेवणारा) प्रकल्प. अशा कामावर नव्याने लागलेली पोरं संच थरथरला की पहिलं खापर बेअरिंगवर फोडतात. दोष पुष्कळदा पाण्यात असतो.

सगळ्यात महागात पडते ती संच अर्ध्या लोडवर (क्षमतेच्या निम्मी वीज काढत) तासन्‌तास चालवायची सवय. फ्रान्सिस टर्बाइन (बाजूने पाणी घेऊन खाली सोडणारा प्रकार) एका ठरावीक प्रवाहासाठी बनवलेलं असतं. तेवढं पाणी असलं की ते रनरमधून (फिरणाऱ्या पात्यांच्या चाकातून) जवळपास सरळ खाली उतरतं. गाइड व्हेन, म्हणजे रनरभोवतीची पाणी कमी-जास्त करणारी पाती, मिटवून पाणी कमी केलं की ते बाहेर पडतानाही गिरकी घेत राहतं आणि ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालच्या निकासनळीत) पिळदार भोवरा धरतो. हा भोवरा रनरच्या वेगाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वेगाने फिरतो. म्हणजे ५०० आरपीएमच्या (मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या) संचात सेकंदाला दोन-तीन ठोके. खालून धुबधुब ऐकू येते आणि मेगावॅटचा काटाही त्याच तालात डुलतो.

ओळखायचं कसं? रनरचा तोल बिघडला असेल तर कंप प्रत्येक फेरीला एकदा येतो, म्हणजे याच संचात सेकंदाला आठ-सव्वाआठ वेळा. ठोके त्याहून संथ असतील आणि लोड वाढवल्यावर थांबत असतील, तर पाना खाली ठेवा. ज्या लोडच्या पट्ट्यात हे ठोके येतात, त्याबाहेर लोड न्या, ड्राफ्ट ट्यूबला हवा देणारा व्हॉल्व्ह चालतो का बघा. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी संच क्रमांक २ च्या टर्बाइनचं झाकणच उडालं, ७५ माणसं गेली. झाकणाचे स्टड (आवळणारे बोल्ट) कंपाने थकलेले होते आणि संच त्या दिवशी वर्ज्य पट्ट्यातून (ज्या लोडवर संच चालवू नये त्यातून) पुन्हा पुन्हा ये-जा करत होता.

पहिल्या पावसात पालापाचोळा, प्लास्टिक ट्रॅश रॅकला (पाणी आत येण्याच्या तोंडावरच्या जाळीला) चिकटतं. लोड भरेना म्हणून गेट (गाइड व्हेन) आणखी उघडत बसू नका. जाळीच्या पुढची-मागची पातळी मोजा. पाइपातून खडी वाहिल्यासारखा आवाज आला तर कॅव्हिटेशनचा (दाब पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याचा) संशय घ्या.

गव्हर्नरशी (गेट उघड-मीट करून वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेशी) घाई नको. गेट झटक्यात उघडलं की पेनस्टॉकमधलं (टर्बाइनकडे येणाऱ्या दाबाच्या पाइपातलं) पाणी लगेच वेग घेत नाही. दाब पडतो आणि वीज वाढायच्या आधी क्षणभर घटते. ते बघून गेन (गव्हर्नरच्या प्रतिसादाची तीव्रता) वाढवला की संच हंटिंग करायला, म्हणजे हेलकावे खायला लागतो, लोड खाली-वर, खाली-वर. आणि गेट झटक्यात मिटवलं तर वॉटर हॅमर, म्हणजे पाइपात पाण्याच्या दाबाचा तडाखा. बंद व्हायचा ठरवलेला वेळ कुणाच्या सांगण्यावरून कमी करू नये.

लॉगबुकात कंपाच्या आकड्याशेजारी धरणाची आणि टेलरेसची (टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या पाण्याच्या चराची) पातळी लिहा. मे महिन्यात जलाशय खाली गेला की हेड (दोन पातळ्यांतला फरक) बदलतं आणि धोक्याचा पट्टाही सरकतो, त्यामुळे दिवाळीतले आकडे तेव्हा लागू पडत नाहीत.