व्हिएतनाममध्ये दोघं, पाठीवर सॅक: या चुका टाळा

दोघं मिळून निघालं की तयारीचीही वाटणी होते. तिकिटं आणि व्हिसा एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे. नेट एकाच्या फोनवर, दुसरा त्याच्या हॉटस्पॉटवर. घरी बसून हे सोयीचं वाटतं. पण रात्रीच्या बसचा थांबा, हनोईच्या जुन्या पेठेतली गर्दी किंवा एकाला आलेला ताप, यातलं काहीही दोघांची ताटातूट करायला पुरेसं असतं. म्हणून प्रत्येकाने दोन दिवस एकट्याने निभावता येईल एवढी सोय स्वतःच्या अंगावर ठेवायची. खालच्या बऱ्याच चुका ही सोय नसल्यामुळेच अंगाशी येतात.

फोन आणि पैसे

कार्डाचे परदेशातले व्यवहार आपोआप चालू नसतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते दोघांनीही चालू करा. भारतीय सिम काढून घरी ठेवू नका, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. प्रीपेड सिम असेल तर आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतातच सुरू करून घ्या. तिथलं नेट ई-सिमवर किंवा दुसऱ्या सिमच्या खाचेत घ्या, आणि दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांचं घ्या: एकाने व्हिएटेल, दुसऱ्याने विनाफोन. डोंगराळ भागात एकाची रेंज गेली तरी दुसऱ्याची टिकण्याची शक्यता राहते.

एटीएम रुपयांत हिशेब करून देऊ का असं विचारतं. नकार द्या आणि डोंगमध्येच पैसे काढा, नाहीतर दर हमखास महाग पडतो. किमतीचा अंदाज घ्यायला शेवटची दोन शून्यं काढून तिनाने भागा: 60,000 डोंग म्हणजे साधारण 200 रुपये. सगळ्यात फसवी जोडी 20,000 आणि 5,00,000 च्या नोटांची. दोन्ही निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या. रात्री टॅक्सीत घाईने पैसे देताना एकीच्या जागी दुसरी जाते आणि दीड हजारांहून जास्त रुपयांचा फटका बसतो. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

मैत्रीत खटका बहुतेकदा किरकोळ खर्चांवरून उडतो. दोघांनी सारखी रक्कम, समजा 10-10 लाख डोंग, एका वेगळ्या पाकिटात टाका. खोली, टॅक्सी, पाणी त्यातून. बिअर, खरेदी, मसाज ज्याचं त्याने. पाकीट दर दोन दिवसांनी दुसऱ्याकडे द्या, म्हणजे हिशेब ठेवायचं ओझं एकावरच पडत नाही.

व्हिसा

अर्ज प्रत्येकाचा वेगळा, आणि चुकला तर फी परत मिळत नाही. एकदाच प्रवेशाचा ई-व्हिसा 25 डॉलरचा, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलरचा. दोन्ही 90 दिवसांपर्यंत मिळतात. लाओस किंवा कंबोडियात डोकावून परत यायचा जरा जरी विचार असेल तर आधीच 50 वाला घ्या, आणि तुमचा सीमेवरचा नाका ई-व्हिसा चालणाऱ्या यादीत आहे ना ते तपासा. आपल्याकडची नेहमीची चूक नावात होते: पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं आणि अर्जात ते गाळलं जातं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळींत नाव जसं आहे तसंच भरा. व्हिसा हातात आला की एकमेकांचा तपासा. स्वतःच्या कागदावरची चूक स्वतःला दिसत नाही.

ऋतू आणि सॅक

उष्ण देश म्हणून नुसते टी-शर्ट भरणं चुकीचं आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्गच 1,726 किलोमीटरचा आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या डोंगरातल्या सापा (Sapa) या गावी पारा कधी शून्याजवळ उतरतो, आणि त्याच वेळी दक्षिणेत घाम निथळतो. दक्षिणेतला पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्यूए, दानांग आणि होई आनला, तो सप्टेंबर ते डिसेंबर पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या जुन्या गावात पुराचं पाणी शिरतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना नेमका हाच काळ गाठतो, तेव्हा त्या वेळी उत्तरेला जास्त दिवस द्या आणि मधल्या पट्ट्याचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा. चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या आठवड्यात बस-रेल्वे भरलेल्या आणि बरीच दुकानं बंद असतात. तारीख जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते, ती आधी बघा.

सॅक 40 लिटरची, भरून 8-9 किलो. विमानात केबिनला 7 किलोचीच मर्यादा असेल तर सामान नोंदवायचे पैसे तिकिटासोबतच भरा. विमानतळावर ते फार महाग पडतात. रेनकव्हरवर विसंबू नका: पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी पट्ट्यांवरून उतरून आत झिरपतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, कपडे भरून तिचं तोंड पिळा आणि दुमडून टाका. जीन्स नकोच, दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. ओले मोजे आणि आतले कपडे तसेच अंगावर राहिले की चिखल्या होतात आणि जांघेत गजकर्ण उठतं. साधं क्लोट्रिमॅझोलचं, म्हणजे बुरशीवरचं मलम न्या. स्टेरॉइड मिसळलेलं नको, त्याने खाज थांबते पण बुरशी पसरत राहते.

स्लीपर बसमध्ये सॅक डिकीत जाते. पासपोर्ट, पैसे, औषधं आणि पॉवरबँक छोट्या पिशवीत, अंगाशी.

मोटरसायकल

सगळ्यात महाग चूक हीच. उत्तरेकडच्या 'हा ज्यांग' (Ha Giang) भागातल्या घाटांची तीन-चार दिवसांची फेरी बघून दोघं एक गाडी भाड्याने घेतात आणि खिशात आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना ठेवून निर्धास्त होतात. भारत हा परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार देतो. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो. म्हणजे तो तिथे चालत नाही. गाडी देणारा दुकानदार हे विचारणार नाही. रस्त्यात पोलीस विचारतील, आणि अपघात झाला तर विमा कंपनी विचारेल आणि रुग्णालयाचं बिल तुमच्याच गळ्यात पडेल.

यावर उपाय म्हणजे स्थानिक चालकाच्या मागे बसणं. तिथे त्यांना इझी रायडर म्हणतात. दोघांसाठी दोन गाड्या आणि दोन चालक घ्या. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो ना, ते निघायच्या आधी बघा. भाड्याच्या दुकानात, अगदी सायकलसाठीसुद्धा, अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका, रोख द्या.

पायी चालतानाही आपली सवय घात करते. वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून रस्त्यात पाऊल टाकताना आधी डावीकडे बघायचं. स्कूटरच्या लोंढ्यातून एका संथ, सारख्या चालीने, दोघांनी शेजारी-शेजारी जायचं. एक जण मध्येच थांबला की स्कूटरवाल्याचा अंदाज चुकतो. बस आणि ट्रक मात्र जाऊ द्या.

आजारपण

ताप आला की सोबतचा जवळची अंगदुखीची गोळी देतो. तिच्यात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन असेल आणि ताप डेंगीचा असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थेट रुग्णालय गाठा. डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा 20 ते 30 टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम सकाळपासून लावा. आधी सनस्क्रीन, वर हे.

जुलाबात एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणं घातक आहे, मिठाचं प्रमाण वाढून त्रास बळावतो. अख्खं पाकीट, मोजून एक लिटर पाणी. उरलेलं 24 तासांनी फेकून द्या. रुग्णवाहिकेचा क्रमांक 115, पोलिसांचा 113. भाषेची अडचण येते, म्हणून फोन हॉटेलच्या माणसाला करायला सांगा.

शाकाहारी असाल तर 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेलं हॉटेल शोधा. इतर ठिकाणी नुसत्या भाजीतही माशांचा सॉस असतो.

पासपोर्ट हरवला तर

आधी पोलिसांत तक्रार, मग हनोईतला भारतीय दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतलं महावाणिज्य दूतावास. तिथून तात्पुरतं प्रवासपत्र मिळालं तरी लगेच निघता येत नाही. व्हिएतनामच्या इमिग्रेशनकडून देश सोडण्याचा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यात काही दिवस जातात. तेवढ्या दिवसांत दुसऱ्याने थांबायचं की परतीचं विमान धरायचं, हे मुंबईहून निघण्यापूर्वीच बोलून घ्या. एकमेकांच्या पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, आणि छापील प्रती एकमेकांच्या सॅकमध्ये.