मुलांसोबत शुगर कुकीज, आज भाजायच्या आणि उद्या रंगवायच्या

माझी मुलगी साडेचार वर्षांची आणि भाचा सहाचा, नाताळच्या सुट्टीत दोघं घरी असले की शुगर कुकीज होतातच. पहिल्या वर्षी एकाच दुपारी सगळं उरकायला गेले, कुकीज कोमट असतानाच आयसिंग घातलं आणि ते वितळून सगळं ताटात आलं, दोघंही रडायला लागली. तेव्हापासून दोन दिवस घेते, तुम्हीपण घ्या.

पीठ मी मुलं उठायच्या आधीच करते. १०० ग्रॅम बटर बाहेर काढून ठेवायचं, बोट टेकवलं की खड्डा पडेल इतकं मऊ हवं, पातळ नको. त्यात ८० ग्रॅम पिठीसाखर घालून फेटायचं, अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स, मग २०० ग्रॅम मैदा चाळून घालायचा आणि गोळा जमेल इतकंच दूध, चमचा चमचा करत, साधारण दोन लागतात. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर मी मुद्दाम घालत नाही, कुकी फुगली की चांदणीची टोकं बोथट होतात आणि मग मुलांना आपली चांदणी कुठली तेच कळत नाही. आणि हो, पोळीच्या कणकेसारखं मळत बसायचं नाही, मैदा चिवट होतो आणि कुकी कडक होते.

आता लाटणं. बहुतेक जण गोळा फ्रीजमध्ये ठेवून मग लाटतात, पण तो गार गोळा लहान हातांना लाटताच येत नाही. म्हणून आधी लाटायचं आणि मग गार करायचं. दोन बटर पेपरच्या मधे गोळा ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल आडवी ठेवा आणि लाटणं पेन्सिलींवरून फिरवू द्या, जाडी आपोआप सारखी येते. मग कागदासकट ताटात घालून अर्धा तास फ्रीजमध्ये. तेवढ्या वेळात पोरांना जेवायला घाला, कारण भुकेली मुलं कच्चं पीठ खातात आणि ते खाऊ द्यायचं नाही, अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात.

कटर नसेल तर वाटी, बाटलीचं झाकण, करंजीचं कातणं काहीही चालतं. माझ्या भाच्याला कातण्याने वेडीवाकडी बेटं कापायला आवडतात, कापू देते. फक्त एका ट्रेमध्ये साधारण एकाच आकाराच्या ठेवा, नाहीतर बारक्या करपतात आणि मोठ्या कच्च्या राहतात. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, १० मिनिटं आधी तापवून १७० डिग्रीवर १२ ते १४ मिनिटं. ट्रे मधेच एकदा फिरवा, बऱ्याच ओटीजींमध्ये मागची बाजू जास्त तापते. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर, तेव्हा मऊच लागतात, गार झाल्या की कडक होतात. ओव्हनचं काम फक्त मोठ्यांचं, मुलांनी दोन पावलं लांबून बघायचं.

दुसऱ्या दिवशी आयसिंग. यासाठी विकतची आयसिंग शुगरच घ्या, त्यात कॉर्नफ्लोअर असतं, घरच्या पिठीसाखरेचं आयसिंग कणीदार लागतं. एक कप साखरेत लिंबाचे चार थेंब आणि चमचा चमचा पाणी घाला. चमच्यातून धार सोडली की तिची रेघ आठ-दहा सेकंदांनी विरली पाहिजे, लगेच विरली तर अजून साखर घाला. रंग जेलचे घ्या, पाण्यासारख्या रंगांनी आयसिंग पातळ होतं. आणि तीनच रंग ठेवा, जास्त ठेवले की सगळे एकत्र होऊन मातकट रंग होतो आणि मुलं हिरमुसतात. आयसिंग जाड प्लॅस्टिक पिशवीत भरून तिचा कोपरा अगदी बारीक कापून द्या, पिशवीचं तोंड रबरबँडने घट्ट बांधा. साडेचार वर्षांच्या हाताला पिशवी जमत नाही, तिला मी चमचा आणि नवीन ब्रश देते.

वरून रंगीत बडीशेप, टुटीफ्रुटी बारीक चिरून. चंदेरी साखरगोळ्या खूप टणक असतात, लहानग्यांना नकोच.

त्यांची कुकी सारखी करायला हात घालू नका, प्लीज. स्वतःसाठी चार वेगळ्या ठेवा आणि त्या हव्या तशा रंगवा.

वाळायला सहा-सात तास लागतात, मुंबईच्या दमट हवेत रात्रभर. पंख्याखाली ठेवा, फ्रीजमध्ये नको, आयसिंगला पाणी सुटतं. पूर्ण वाळल्या की मधे बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात.