प्रतिजैविकांची गोळी : घेण्यापूर्वी आणि घेताना काय करावे

घसा खवखवून अंगात कणकण आली की मेडिकलमध्ये जाऊन ‘मागच्या वेळची तीच गोळी द्या’ म्हणण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सर्वप्रथम ती सोडावी. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) मात्र जिवाणूंवरच काम करतात. एरवीही आठवडाभरात उतरणाऱ्या सर्दीवर ही गोळी घेतली, तर आतड्यातले औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरून वाढतात आणि तो गुण दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, किंवा धाप लागली, तर डॉक्टरांकडेच जावे.

तिथे गेल्यावर गोळी मागू नये. संसर्ग जिवाणूंचा आहे का, हे विचारावे, आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची नावे व कशाची ॲलर्जी असल्यास तीही सांगावी.

लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल तर कल्चर तपासणीबद्दल, म्हणजे लघवीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर कोणते औषध लागू पडते हे पाहणाऱ्या तपासणीबद्दल, आवर्जून विचारावे. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते. नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा असतो, कारण गोळी पोटात गेल्यावर जिवाणू प्रयोगशाळेत नीट वाढत नाहीत. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी लॅबने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरावी आणि लगेच पोहोचवावी. दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या अहवालात औषधांच्या नावांपुढे ‘एस’ म्हणजे लागू पडणारे आणि ‘आर’ म्हणजे न पडणारे, असे लिहिलेले असते. त्यावरून औषध मात्र डॉक्टरांनीच निवडावे.

औषध घेताना स्ट्रिपवरची उभी लाल रेषा पाहावी. ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. सेफिक्झिम या प्रतिजैविकासारख्या ‘एच-१’ यादीतील, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या, औषधांसाठी तर 1 मार्च 2014 पासून रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती 3 वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. स्ट्रिप कात्रीने कापून दोन-तीनच गोळ्या मागू नयेत. चिठ्ठीत लिहिल्या असतील तितक्याच घ्याव्यात.

दिवसातून तीन वेळा सांगितले असेल तर साधारण आठ-आठ तासांचे अंतर राखावे. ताप उतरला म्हणून आपल्या मनाने गोळ्या थांबवू नयेत आणि वाढवूही नयेत. अंगावर पुरळ किंवा चेहऱ्यावर सूज आली तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठावा. डॉक्टरांनीच औषध बदलल्यामुळे गोळ्या उरल्या, तर त्या औषधांच्या डब्यात ठेवू नयेत, शेजाऱ्यांच्या मुलालाही देऊ नयेत.